एकवीस कार्डं आणि एक विषाणू

मुलुंड (पूर्व)
२९ ऑगस्ट १९८६

ती. अक्काच्या पायांशी कमलचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन गुडघे कायमचे रजेवर आहेत आणि दृष्टी आठवड्यापुरती आजारी आहे, तेव्हा जेवढी अंगं हजर आहेत तेवढ्यांचाच नमस्कार गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? तांबडी व्यायली का, आणि पाडा की पाडी? दोन महिने तुझं पत्र नाही. वाईट काही असतं तर तार आली असती, एवढ्याच आधारावर मी तुम्हा सर्वांना सुखरूप धरून चालले आहे. माझं अक्षर उताराला लागलेलं दिसेल, कारण एक डोळा पूर्ण मिटलेला आणि दुसरा फोडणीतल्या मिरचीसारखा, अशा अवस्थेत लिहिते आहे. पाकीट एवढं जाड का, आणि ते रजिस्टर करून का पाठवलं, हे शेवटी कळेल. आधी वाच. मधेच पाकीट उलटं करून झटकू नकोस.

अक्का, तेहेतीस वर्षं मी मुलींना शास्त्र शिकवलं. नन्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या, नखं कापणं आणि खोटं न बोलणं, आणि शास्त्र या दोन्हींच्या पुढची पायरी आहे असं मी आजवर मानत आले. (बाबांनी गिरणीतल्या पगारात एकीलाच त्या शाळेत घालता येईल म्हटलं आणि तू चुलीपाशी राहिलीस, हे मी विसरलेले नाही. पण आज मला वाटतं की चुलीपाशी मी राहिले असते तर निदान मुलुंडचं भलं झालं असतं.) या महिन्यात जे झालं त्यानंतर मी कुणाला काही शिकवायच्या लायकीची उरलेले नाही.

रुक्मिणी तुला आठवत असेल. माझ्या समोरच्या दारातली, देवगडकडची, जिने तुला कुळथाची पिठी करून घातली आणि तू म्हणालीस की हिच्या हाताला आईची चव आहे. बावीस वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत, आणि त्यातली एकवीस वर्षं ती दिवसा उघडीच आहेत. तिचा नवरा गिरणीच्या संपानंतर वर्षभरात गेला. मुलगा शिवदास मस्कतला गार हवेच्या यंत्रांच्या नळ्या जोडतो. (दहावीला त्याचं शास्त्र मी घेतलं होतं. त्याने पेशीची आकृती अशी काढली की परीक्षकाने ती श्रीलंका समजून गुण दिले असावेत, नाहीतर तो पास कसा झाला हे मला अजून कळलेलं नाही.) दर पंधरवड्याला त्याचं पत्र येतं. रुक्मिणीला वाचता येतं, पण हळू, आणि तिचं म्हणणं असं की मी वाचलं की त्यात त्याचा आवाज येतो. म्हणून ती पत्र न फोडता माझ्याकडे आणते, मी चहा टाकते, आणि मोठ्याने वाचते. वाचता वाचता त्याच्या चुका दुरुस्त करते, आणि जिथे तो आईची चौकशी करायला विसरलेला असतो तिथे ती घालते. हे तिला माहीत नाही. तर जूनअखेरीपासून शिवदासचं पत्र नव्हतं. दारात उभं राहून पोस्टमनची वाट बघायची, तो कुंडलिक जिना चढून वरच्या मजल्यावर गेला की आत वळायचं, हे आमचं दोघींचं रोजचं काम झालं होतं.

एक दिवस कुंडलिकाने तिला पत्र दिलं खरं, पण ते शिवदासचं नव्हतं. पंधरा पैशांचं कार्ड होतं, खाली सही नाही. तू अशी कार्डं पाहिली असशील. वर एका देवस्थानाचं नाव (मी लिहीत नाही, देव बिचारा यात निर्दोष आहे), मग कुणा पुजाऱ्याला झालेला दृष्टांत, मग आज्ञा, की हे पत्र मिळाल्यापासून नऊ दिवसांत याच्या एकवीस प्रती करून एकवीस जणांना पाठवा. एका गृहस्थाने पाठवल्या, त्याला बढती मिळाली. एकाने टाळाटाळ केली, त्याची गुरं मेली. रुक्मिणी ते कार्ड घेऊन माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर चांगलं. मला म्हणाली की बाई, आपल्याला गुरं नाहीत हे खरं, पण उगाच कशाला. मी ते कार्ड तिच्या हातातून घेतलं आणि चार तुकडे केले. तिने तुकडे गोळा करून पदरात घेतले, आणि चहा झाल्यावर माझ्याच टेबलावर पेपरवेटखाली ठेवून गेली. इथवर सगळं ठीक होतं, अक्का. इथे थांबले असते तर मी आज दोन्ही डोळ्यांनी लिहीत असते.

पण आमच्या सोसायटीत एक महिला मंडळ आहे आणि सुगंधा मेस्त्री त्याची अध्यक्ष आहे. दुसऱ्या मजल्यावर राहते. आवाज असा की तिने घरात मीठ मागितलं तर तळमजल्यावरची शकु बरणी घेऊन उभी राहते. मुलुंडात डोळ्यांची साथ सुरू झाली होती. सुगंधाने ठरवलं की मंडळाच्या शुक्रवारच्या कार्यक्रमात भजनाऐवजी तोरसकर बाईंचं व्याख्यान ठेवू, विषय ‘साथीचे रोग’. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नव्हतं. (गॅसचा नंबर कधी लावला, हे सोडून.) मला एवढा आनंद झाला की मी जुनी वही काढली, रंगीत खडू आणले, आणि एका रविवारी जिलेटीनच्या कागदाचा विषाणू तयार केला. वीस त्रिकोण कापून कडेला कडा चिकटवल्या की तो बनतो. फार सुंदर दिसतो, अक्का. एवढा नीटस आकार आणि एवढा नीच स्वभाव, असं मी फक्त एका मुख्याध्यापिकेत पाहिलं आहे.

व्याख्यानाला सतरा बायका आल्या. मी त्यांना सांगितलं की विषाणू हा जंतूंच्या बिरादरीतला नाही. जंतू निदान आपला संसार आपण करतो, खातो, वाढतो, दोनाचे चार होतो. विषाणूला तोंड नाही, पोट नाही, हातपाय नाहीत, स्वतःची चूल नाही. त्याच्याजवळ फक्त एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर एक आवरण. आवरण प्रथिनांचं, एकसारख्या तुकड्यांचं, माझ्या या त्रिकोणांसारखं. काही विषाणू त्यावर आणखी एक चरबीचं पांघरूण घेतात, आणि तेही स्वतःचं नसतं, ज्या घरातून बाहेर पडले त्या घराच्या भिंतीचंच ओढून आणलेलं असतं. मी म्हटलं, मोदक डोळ्यांपुढे आणा. पारी म्हणजे आवरण, सारण म्हणजे चिठ्ठी. (ही चूक होती. मागच्या रांगेत लगेच गूळ कुठला चांगला यावर चर्चा सुरू झाली आणि सुगंधाने मला विचारलं की मग विषाणू उकडल्यावर मरतो का. उत्तर ‘हो’ असंच होतं, त्यामुळे मला रागावताही येईना.)

म्हणून मी मोदक सोडला, पेपरवेटखालचे तुकडे बरोबर नेले होते ते काढले आणि फळ्याला चिकटवले. म्हटलं, हा बघा विषाणू. पंधरा पैशांचा. हा स्वतः चालू शकत नाही, स्वतःची प्रत स्वतः काढू शकत नाही. कपाटात ठेवलात तर शंभर वर्षं तसाच पडून राहील, ना मेलेला ना जिवंत. पण वर देवाचं नाव आहे ना, ती याची किल्ली. आपल्या मनाच्या दाराला नेमकं त्याच आकाराचं कुलूप असतं, म्हणून आपणच दार उघडतो. आत आला की आवरण गळून पडतं आणि उरते नुसती आज्ञा: माझ्या प्रती काढ. मग त्या घराचं, म्हणजे पेशीचं, स्वतःचं काम बंद. भात करपतो, मुलांचा अभ्यास राहतो. पेशी आपली शाई, आपला कागद, आपला हात वापरून याच्या प्रती काढत बसते, काही तासांत शेकड्यांनी, हजारांनी, इतक्या की शेवटी ती फुटून मरते आणि सगळ्या प्रती शेजारच्या दारांवर जातात. एकाचे एकवीस, एकविसाचे चारशे एक्केचाळीस, आणि सहाव्या फेरीला साडेआठ कोटी. अख्ख्या महाराष्ट्रात तेवढी माणसं नाहीत.

तळमजल्यावरच्या शकुने विचारलं की तो ना मेलेला ना जिवंत असेल तर तो नेमका जिवंत होतो कधी. पाच वर्षांत मला कुणी विचारलेला सर्वात हुशार प्रश्न. मी म्हटलं, मूर्खाच्या हातात पडला की. (हेही म्हणायला नको होतं. सतरापैकी अकरा जणींच्या घरी तेव्हा तसलं कार्ड येऊन पडलेलं होतं, हे मला मागाहून कळलं.)

आणि मग, टाळ्या पडत होत्या तेवढ्यात बसायचं सोडून, मी आणखी एक पायरी चढले. म्हटलं, प्रत काढताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात, पण एखादी अशी होते की विषाणू नव्या जागी जास्त फोफावतो. आता हेच बघा, यात लिहिलंय गुरं मेली. मुलुंडात गुरं कुणाकडे आहेत? इथे हे वाक्य पांगळं आहे. पण उद्या कुणी प्रत काढताना ‘गुरं मेली’ ऐवजी ‘परदेशी गेलेल्या मुलाची खबर आली नाही’ असं लिहिलं, की बघा ते कसं घरोघर शिरतं. असं मी म्हटलं. उदाहरण म्हणून. मला ते सुचलं तेव्हा मी फळ्याकडे बघत होते. रुक्मिणी दुसऱ्या रांगेत बसली होती.

सुगंधाने कार्यक्रमानंतर ते तुकडे अभ्यासासाठी म्हणून मागून नेले. मी दिले. शिक्षिकेकडे कुणी अभ्यासासाठी काही मागितलं की तिची बुद्धी चालत नाही.

पुढच्या बुधवारी सोसायटीत घरटी एक कार्ड आलं. रुक्मिणीला तीन आली. तिन्हींत गुरं नव्हती. तिन्हींत परदेशी गेलेला मुलगा होता, माझ्या शब्दांत, माझ्या वाक्याच्या वळणासकट. मी सुगंधाला जिन्यात गाठलं. ती अगदी निरागसपणे म्हणाली की बाई, तुम्हीच म्हणालात ना ते चालणार नाही म्हणून, मग मी सुधारलं. तेहेतीस वर्षांत मुलींनी माझी एकही दुरुस्ती वहीत उतरवली नाही आणि ही बाई एका ऐकण्यात उतरवून मोकळी झाली.

रुक्मिणीचं दार त्या दिवसापासून लोटलेलं राहू लागलं. भांडण नाही, काही नाही. फक्त लोटलेलं. मी पिठीच्या वासावरून ओळखायची की ती घरात आहे.

बायकांनी प्रती काढायचं काम सामुदायिक केलं, कारण एकेकीला एकवीस लिहायच्या म्हणजे हात मोडतो. सुगंधाच्या घरी लांब टेबल आहे. दुपारी जेवणं आटोपली की अकराजणी तिथे बसायच्या, एकीने वाचायचं, बाकीच्यांनी लिहायचं. साथ टळावी म्हणून सुगंधाने गुलाबपाण्याची बाटली ठेवली होती आणि एक ड्रॉपर. एकच. पहिलीच्या डोळ्यांत दोन थेंब, मग दुसरीच्या, अशी ती बाटली टेबलाभोवती फिरायची, आणि पाठोपाठ डोळे टिपायला एक टॉवेल. मला हे शकुने सांगितलं. एकाच टेबलावर दोन विषाणू, अक्का, एक कार्डावर आणि एक ड्रॉपरमध्ये, आणि दोघांच्या प्रती त्याच बायका त्याच दुपारी त्याच मन लावून काढताहेत. मी खाली जाऊन सांगितलं की बायांनो, तो ड्रॉपर फेका. सुगंधा म्हणाली, बाई, तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं.

चौथ्या दिवशी अख्ख्या इमारतीचे डोळे आले. दूध घ्यायला काळे चष्मे घातलेली माणसं रांगेत उभी, कुणाचा चष्मा मुलाचा, कुणाचा लग्नात मिळालेला. सेक्रेटरी गुणाजी परब यांनी चष्मा लावूनच फळ्यावर नोटीस लिहिली, ती डावीकडे सुरू होऊन लाकडी चौकटीवर संपली. नोटिशीत काय होतं? ड्रॉपरविषयी एक अक्षर नाही. सभासदांनी धार्मिक स्वरूपाची पत्रे फाडू नयेत, त्यायोगे इतर सभासदांस त्रास होतो. कारण सगळ्यांना आठवलं की कार्ड फाडलं कोणी. तोरसकर बाईंनी. देवाच्या नावाचे चार तुकडे केले, वर ते मंडळात नेऊन सर्वांच्या डोळ्यांपुढे टांगले. डोळ्यांपुढे टांगले म्हणून डोळेच आले, असं गुणाजींच्या आईने मांडलं, आणि सोसायटीला ते विषाणूपेक्षा जास्त पटलं. मी परबांना फळ्याखाली गाठून विचारलं की ज्या अकराजणींनी प्रती काढल्या त्यांचे डोळे आधी आले आणि जिने फाडलं तिचे अजून धड आहेत, हे कसं. ते म्हणाले, बाई, देव सावकाश घेतो.

त्याने सावकाश घेतलं. एकवीस तारखेला पिठीचा वास आला नाही. मी दार ढकलून आत गेले तर रुक्मिणी भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही डोळे चिकटलेले, मांडीवर पाटी, पाटीवर कार्ड, आणि त्या कार्डावर चार ओळी एकमेकींवर चढलेल्या. आठ दिवसांत तिने एकटीने सहा कार्डं लिहिली होती. मंडळात बसली नव्हती, कारण तिथे सगळ्या शिवदासबद्दल विचारतात. नववा दिवस दुसऱ्या दिवशी संपत होता. मी पाणी गरम केलं, तिचे डोळे कापसाने पुसले, डॉक्टरांनी दिलेलं औषध घातलं. (नंतर साबणाने हात धुतले, पण मधे एकदा मी माझे डोळे पुसले होते. का पुसले ते विचारू नकोस.) ती म्हणाली की बाई, माझा हात चालत नाही, उरलेली तुम्ही लिहा.

मग मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, रुक्मिणी, ते मुलाचं वाक्य देवाने लिहिलेलं नाही, पुजाऱ्यानेही नाही. ते मी लिहिलं आहे. फळ्यापाशी उभी राहून, जिभेला हाड नाही म्हणून. तू तिथे बसली होतीस, तू ऐकलंस.

ती म्हणाली, “ऐकलंय ना. म्हणानच तर भियालंय. तुमी आजपातूर कधी खोटा बोललास नाय, बाई. तुमच्या तोंडातसून इला म्हणान माका खरा वाटता.”

अक्का, मी घरी आले, नवी एकवीस कार्डं घेतली आणि बसले. सहा तिची होती, पण ती वाचण्यासारखी नव्हती, आणि काम करायचं तर नीट करावं. फळ्यावरच्या अक्षरात लिहिली. शुद्धलेखन सुधारलं. देवस्थानाच्या नावातला ऱ्हस्व दीर्घ करावा लागला. तेविसाव्या वर्षापासून ज्या अंधश्रद्धेविरुद्ध मी मुलींचे कान पिळले तिची मुलुंडातली सर्वात सुबक आवृत्ती माझ्या टेबलावर तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत घालून पोस्टात गेले, परत आले, आणि रुक्मिणीच्या दारात उभी राहून म्हटलं, झालं. तिने मान हलवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा भात खाल्ला.

पंचवीस तारखेला कुंडलिक माझ्या दारावर थापा मारू लागला. शिवदासचं पत्र. ओमानचं तिकीट नाही, आपलं तिकीट, देवगडचा शिक्का. झालं होतं असं की जुलैत त्याच्याबरोबर काम करणारा खंडू नावाचा गावचा माणूस रजेवर येत होता. पोस्टापेक्षा माणसाच्या हाताने लवकर जातं, म्हणून शिवदासने पत्र त्याच्याकडे दिलं. (तिकडची सगळी मुलं हेच करतात.) पत्रात लिहिलं होतं की आता दीड महिना आत वाळवंटात कामाला नेताहेत, तिथे पोस्ट नाही, तेव्हा आईने काळजी करू नये. खंडू थेट गावी गेला, परतताना मुलुंडला देऊ म्हणाला, आणि गावी त्याचे डोळे आले. घरच्यांनी त्याला पंधरा दिवस माजघरात बसवून ठेवलं आणि पत्र त्याच्या पिशवीत. डोळे उघडल्यावर त्याला आठवण झाली आणि हे सगळं पाकिटाच्या मागे चार ओळींत लिहून त्याने ते पेटीत टाकलं. म्हणजे शेवटी खबर अडवणारा विषाणूच निघाला, खरा, वीस बाजूंचा, आणि मी एकटी सोडून हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी पत्र मोठ्याने वाचलं. दुरुस्ती एकही केली नाही. डोळ्यांना अक्षरं नीट दिसत नव्हती, म्हणून थांबत थांबत वाचलं. रुक्मिणी म्हणाली, आज अगदी तोच बोलतोय असं वाटलं.

आता पुढचं ऐक आणि माझी कीव कर. रुक्मिणीने चारही मजल्यांवर सांगितलं की एकवीस कार्डं टाकली आणि तिसऱ्या दिवशी पत्र आलं. आणि टाकली कुणी? तोरसकर बाईंनी. शास्त्राच्या बाईंनी. ज्यांनी फाडलं त्यांनीच शेवटी लिहिली. यापेक्षा मोठा पुरावा या इमारतीला आजवर मिळालेला नाही. जे आजवर कुंपणावर बसले होते तेही आता लिहायला बसले आहेत. परब कचेरीतून कार्बन पेपर घेऊन आले. पोस्टात कार्डं संपली म्हणून माणसं भांडुपला जाऊन आणताहेत. माझं अक्षर सुवाच्य म्हणून माझ्या मजकुराची प्रत सुगंधाने माझ्याकडून घ्यायचा प्रयत्न केला. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला नमस्कार करतो. मागच्या महिन्यापर्यंत मी या इमारतीतली एकटी लस होते, अक्का. आज मी त्या विषाणूची सर्वात यशस्वी प्रत आहे.

रुक्मिणीचं दार उघडं आहे. आत्ता लिहिताना इथून दिसतं. ती तांदूळ निवडते आहे आणि मधूनमधून मान वर करून बघते की मी डोळे चोळत नाही ना.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी कंबर सांभाळ, जड घागर उचलू नकोस.

तुझी
कमल

ता. क. पत्र वाचून झाल्यावर हात साबणाने धू. विषाणू पोस्टाने वेंगुर्ल्यापर्यंत टिकेल असं मला वाटत नाही, पण मला काय वाटतं याची किंमत या महिन्यात तू वाचलीसच.

ता. क. दुसरा. आता पाकिटातली कार्डं मोज. एकवीस भरतील. होय, तीच. त्या सकाळी मी पोस्टाच्या लाल पेटीपाशी गेले, गठ्ठ्यासकट हात आत घातला, आणि हात उघडेना. एकवीस घरं, अक्का, आणि प्रत्येक घरात कुणाचातरी मुलगा. मी गठ्ठा परत पिशवीत टाकला, घरी आले आणि रुक्मिणीला म्हटलं, झालं. एकच शब्द, आणि तो खोटा. आणि पत्र आलं. कार्ड एकही टाकलेलं नसताना आलं. हा इतका स्वच्छ प्रयोग आहे की तो मी शाळेत मांडला असता तर इन्स्पेक्टरने पाठ थोपटली असती, आणि तो मला कुणालाही सांगता येत नाही, कारण ज्या एका माणसाला मी कधी खोटं बोलत नाही असं वाटतं ती समोर तांदूळ निवडते आहे. म्हणून तुला एवढी विनंती की ही कार्डं तिथल्या पेटीत टाक. एकवीसही कार्डांवरचे पत्ते खोडून मी आता तुझाच पत्ता घातला आहे, म्हणजे ती फिरून तुझ्याकडेच येतील. आली की न वाचता बंबात घाल. साखळी तुझ्या न्हाणीघरात संपेल आणि माझा शब्द खरा होईल. पोस्टमन हसला तर हसू दे.

ता. क. तिसरा. शिवदास वाळवंटातून परतला की त्याचं पुढचं पत्र पंधरा सप्टेंबरच्या आसपास यायला हवं. तुझं तर जूनपासूनच यायला हवं आहे. कार्डं त्याआधी पेटीत पडलेली बरी. कारण विचारू नकोस.